साठ रुपयांचे अनुदान आणि चाळीस रुपयांची अट

केंद्र आणि राज्ये यांच्या आर्थिक संबंधांची चर्चा आपल्याकडे बहुधा एका आकड्यापाशी सुरू होते आणि त्याच आकड्यापाशी संपते. केंद्राने किती दिले, हा तो आकडा. सत्ताधारी पक्षाचे वक्ते तो फुगवून सांगतात, विरोधी पक्षाचे वक्ते तो कमी करून सांगतात, आणि दोघांनाही टाळ्या मिळतात. वस्तुतः दिलेली रक्कम हा प्रश्नाचा निम्मा भागही नव्हे. अनुदान राज्याच्या तिजोरीत येऊन पडले म्हणजे राज्याच्या स्वतःच्या पैशाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. कधी ते राज्याच्या पैशाला मोकळे करते, कधी त्याला आपल्यामागे ओढत नेते, आणि कधी राज्याने ज्या कामाला प्राधान्य दिले असते ते काम मागे पडते, याची कोठे नोंदही होत नाही. अर्थसंकल्पात झालेला खर्च छापला जातो. अनुदानाच्या अटीमुळे जो खर्च झाला नाही, त्याला लेखाशीर्ष नसते.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचा शास्त्रशुद्ध विचार करणारा एक श्रेष्ठ अभ्यासक महाराष्ट्रातच झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घटनाकार आंबेडकर सर्वांना ठाऊक आहेत. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर अजूनही कपाटातच आहेत. १८७० पूर्वी सारा महसूल कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारचा होता आणि खर्च मात्र प्रांतांकडून होत असे. खर्च करणाऱ्याला कर बसविण्याचा त्रास नाही आणि कर बसविणाऱ्याला खर्चावर प्रत्यक्ष नजर ठेवता येत नाही, अशी ही रचना होती. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या प्रांताने मोठ्याने मागणी केली त्याला अधिक मिळाले. काटकसर करणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही, कारण वाचवलेला पैसा त्याचा राहत नसे. लॉर्ड मेयोने डिसेंबर १८७० मध्ये तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठोक रकमेसह प्रांतांकडे सोपविली. पुढे ठोक रकमेच्या जागी काही महसूल नेमून देण्यात आले आणि त्यानंतर महसुलाची वाटणी सुरू झाली. आंबेडकरांनी हे टप्पे क्रमाने तपासले आहेत. पैसा कोणत्या रूपाने येतो यावर तो कसा खर्च होतो हे ठरते, हे सूत्र त्या इतिहासातूनच हाती लागते, आणि दीडशे वर्षांनंतरही ते बदललेले नाही.

स्वतंत्र भारताच्या संविधानात राज्यांना द्यावयाच्या अनुदानांचे दोन दरवाजे आहेत. पहिला अनुच्छेद २७५ चा. वित्त आयोगाने राज्याची गरज तपासून शिफारस करावयाची आणि त्या आधाराने संसदेने अनुदान द्यावयाचे, असा तो राजमार्ग. दुसरा अनुच्छेद २८२ चा. केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकते, मग त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार त्याला असो वा नसो. हा अनुच्छेद संविधानाच्या संकीर्ण वित्तीय तरतुदींत ठेवलेला आहे. त्याचे स्थान पाहिले तर तो आडप्रसंगी उघडावयाचा मागचा दरवाजा असावा, असेच वाटते. परंतु १९५० च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने नियोजन आयोग अस्तित्वात आला, पंचवार्षिक योजनांचा पैसा त्याच्या हातून वाटला जाऊ लागला, आणि मागच्या दरवाजातच वर्दळ वाढली. शेती, आरोग्य, पाणीपुरवठा, ग्रामीण रस्ते हे विषय राज्यांचे. शिक्षणही १९७६ पर्यंत राज्यांचेच होते. या विषयांवर दिल्लीच्या योजना आल्या त्या अनुदानाच्या आधाराने. चौथ्या वित्त आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजमन्नार यांना ही विसंगती खुपली होती. पुढे तामिळनाडू सरकारने १९६९ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली केंद्र-राज्य संबंधांवर समिती नेमली आणि तिच्या १९७१ च्या अहवालात हा विषय अग्रभागी आला.

या मनमानीला पहिला लगाम घातला तो धनंजयराव गाडगीळांनी. गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा संस्थापक संचालक १९६७ साली नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला आणि चौथ्या योजनेसाठी त्याने साहाय्याच्या वाटपाचे एक सूत्र दिले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवावी. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, आणि १०-१० टक्के अनुक्रमे दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांनुसार वाटावेत. आज हे सूत्र साधे वाटेल. त्याचे महत्त्व त्याच्या साधेपणातच होते. मुख्यमंत्र्याला दिल्लीत जाऊन कोणाची मनधरणी करावी लागणार नाही, एवढी व्यवस्था त्याने केली. एक दोष मात्र त्या काळच्या व्यवस्थेत राहून गेला: खास दर्जाच्या राज्यांना ९० टक्के साहाय्य अनुदान म्हणून मिळे, इतरांना केवळ ३० टक्के, उरलेले ७० टक्के कर्ज. शाळेसाठी मिळालेल्या शंभर रुपयांतील सत्तर रुपयांवर व्याज भरावयाचे, मग त्या शाळेतून महसूल येवो न येवो. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २००५ पासून हा प्रकार बंद झाला.

सूत्राने वाटलेला पैसा आणि योजनेला जखडलेला पैसा यांतील संघर्ष त्याही वेळी होताच. केंद्रपुरस्कृत योजनांवरील रक्कम राज्यांना मिळणाऱ्या योजना-साहाय्याच्या एक-षष्ठांशाहून अधिक असू नये, असे राष्ट्रीय विकास परिषदेच्या पातळीवर त्या सुमारास ठरले होते. ही मर्यादा पाळली गेली नाही. दिल्लीतील प्रत्येक मंत्रालयाला आपल्या नावाची योजना हवी असते आणि प्रत्येक पंतप्रधानाला फलकावर आपली मुद्रा हवी असते. या बाबतीत पक्षापक्षांत फरक करण्याचे कारण नाही.

आता अनुदानाच्या परिणामाकडे वळावे. पाठ्यपुस्तकातील सिद्धांत असा की, अटीविना मिळालेले ठोक अनुदान म्हणजे त्या प्रदेशातील जनतेच्या उत्पन्नात झालेली तेवढीच वाढ. जनतेचे उत्पन्न वाढले असता ती त्यातील जेवढा अंश सरकारी सेवांवर खर्च होऊ देईल, तेवढाच अंश अनुदानातूनही खर्च व्हावा आणि उरलेला करकपातीच्या रूपाने लोकांकडे परत जावा. अमेरिकेतील अभ्यासकांनी प्रत्यक्ष आकडे तपासले तेव्हा निराळेच दिसले. खाजगी उत्पन्न एका डॉलरने वाढले तर स्थानिक सरकारचा खर्च पाच-दहा सेंटांनी वाढतो; पण अनुदान एका डॉलरने वाढले तर खर्च त्याच्या कितीतरी पट, काही अभ्यासांत तर जवळजवळ संपूर्ण डॉलरने वाढतो. पैसा जेथे पडतो तेथेच चिकटतो. माशा पकडण्याच्या चिकट कागदावरून या परिणामाला नाव पडले आणि ते नाव आर्थर ओकन या अर्थशास्त्रज्ञाने दिले असे सांगतात. सरकार अनुदानाचा पैसा लोकांना परत देत नाही, याचे आश्चर्य वाटण्यासाठी माणसाला अर्थशास्त्रज्ञच व्हावे लागते. परंतु निष्कर्ष महत्त्वाचा आहे. अनुदानाने सरकारी खर्च वाढतो. तो कोणत्या दिशेने वाढतो हे अनुदानाची अट ठरविते.

अटींतील सर्वांत प्रभावी अट हिश्शाची. केंद्र साठ रुपये देईल, राज्याने चाळीस घालावेत. वरकरणी ही भागीदारी न्याय्य दिसते. तिचे अर्थशास्त्र असे की, अशा योजनेवरील एक रुपयाचा खर्च राज्याला चाळीस पैशांना पडतो, तर राज्याने स्वतः आखलेल्या योजनेवरील रुपया पूर्ण शंभर पैशांना पडतो. दोन मालांपैकी एकावर साठ टक्के सूट ठेवली तर गिऱ्हाईक कोणीकडे वळेल हे सांगण्यास पंडित नको. कोकणातील तालुक्याला साकवांची गरज असो वा मराठवाड्यातील तालुक्याला चारा-पाण्याची, सचिवालयातील टिपणी एकच असते: केंद्राचा पैसा बुडेल, आधी त्याचा हिस्सा काढून ठेवा. राज्याच्या अर्थसंकल्पातील बहुतेक रक्कम वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत आधीच बांधली गेलेली असते. विधिमंडळाला खऱ्या अर्थाने निर्णय घेता येतो तो उरलेल्या लहानशा मोकळ्या भागावर, आणि चाळीस रुपये जातात ते नेमके त्या मोकळ्या भागातून. म्हणून साठ रुपयांचे अनुदान शंभर रुपयांच्या निर्णयावर ताबा मिळविते.

याच अटीचा दुसरा परिणाम अधिक कठोर आहे. चाळीस रुपये काढण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. बिहारच्या महसुली जमेतील सुमारे तीन-चतुर्थांश भाग केंद्राकडून येतो. महाराष्ट्रात स्वतःच्या उत्पन्नाचे पारडे तितकेच जड आहे. दोघांनाही साठास चाळीस हेच प्रमाण लावले म्हणजे ज्याच्यापाशी पैसा आहे तो हिस्सा भरून अनुदान उचलतो आणि ज्याला गरज आहे तो दारात उभा राहतो. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना नव्वदास दहा अशी सवलत आहे. बिहार, झारखंड, ओडिशा यांना नाही. अनुदानाचा मूळ हेतू प्रदेशाप्रदेशांतील विषमता कमी करणे हा आहे, असे मानले तर ही रचना हेतूच्या विरुद्ध दिशेने चालते.

तिसरा परिणाम कालांतराने दिसतो. अनुदानाला इमारत आवडते. इमारतीचे उद्घाटन करता येते, पायाभरणी करता येते. परिचारिकेच्या बाराव्या वर्षीच्या वेतनाचे उद्घाटन करता येत नाही. नियोजनाच्या काळात योजनांतर्गत आणि योजनेतर असा खर्चाचा भेद होता. पाच वर्षांची योजना संपली की तिच्यातून उभ्या राहिलेल्या दवाखान्याचा, शाळेचा, पाणीयोजनेचा देखभालखर्च योजनेतर सदरात जाई, म्हणजे राज्याच्या गळ्यात पडे. मग राज्ये काय करीत? नवी योजना घेत, कारण तिला अनुदान मिळे, आणि जुनी मोडकळीस येऊ देत, कारण तिला मिळत नसे. कुलूप लावलेली आरोग्य उपकेंद्रे आणि गळके पाझर तलाव हे सारे काही कंत्राटदारांच्या लबाडीतून आलेले नाहीत; बरेचसे या हिशेबाच्या पद्धतीतून आले आहेत. २०१७-१८ पासून हा भेद काढून टाकण्यात आला, पण सवय गेली नाही.

अंगणवाडीचे उदाहरण याहून बोलके आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील सेविकेला कर्मचारी म्हटले तर वेतनश्रेणी द्यावी लागते, म्हणून तिला मानसेवी म्हटले गेले आणि वेतनाच्या जागी मानधन आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने हे मानधन दरमहा ४,५०० रुपये केले. त्यातील चाळीस टक्के राज्याचेच. इतक्या रकमेत कोणाचे घर चालत नाही, म्हणून सेविका संप करतात, मोर्चे काढतात, आणि राज्य सरकारे आपल्या तिजोरीतून त्यावर भर घालतात. आज देशभर हीच स्थिती आहे. योजना केंद्राची, नाव केंद्राचे, मोर्चा मात्र आझाद मैदानावर. सेविकांचा लढा राज्याशी होतो आणि जिने खर्चाची चौकट आखून दिली ती दिल्ली त्या लढ्याच्या बाहेर राहते. श्रमजीवींच्या संघटनांनी या गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे.

आता महाराष्ट्राच्या एका प्रयोगाकडे थोडे सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल, कारण अनुदानाशिवाय राज्य काय करू शकते आणि अनुदान आल्यावर त्याचे काय होते, या दोन्ही गोष्टी त्यात दिसतात. रोजगार हमी योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात साठच्या दशकात तिचा लहानसा प्रयोग झाला. मग दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून आणि त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या दडपणातून ही योजना राज्यभर पसरली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे राज्यावर बंधनकारक झाले.

या कायद्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या निधीत होते. दिल्लीकडे हात न पसरता राज्याने त्यासाठी स्वतः कर बसविले. १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसायकर आला. विक्रीकर आणि मोटार वाहन कर यांवर वाढ, बागायती जमिनीवर उपकर अशी जोड त्याला मिळाली. आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने सामान्य महसुलातून घालावी असे ठरले. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा बीड-उस्मानाबादच्या खडीकामावर जात होता. शहराने खेड्यासाठी कर भरावा हे विधिमंडळात उघडपणे मांडले गेले आणि मान्य झाले. कर आणि खर्च यांचा असा सरळ संबंध भारताच्या वित्तव्यवहारात क्वचितच दिसतो. योजनेत दोष नव्हते असे नाही. कामे अर्धवट राहिली, हजेरीपटात खोट्या नोंदी झाल्या, निधीत जमलेला सारा पैसा योजनेवर खर्च होत नाही अशी टीकाही होत राहिली. परंतु या दोषांचा जाब कोणाला विचारावयाचा हे मजुराला ठाऊक होते. तहसील कचेरीवर मोर्चा गेला तर उत्तर तेथेच मिळत असे.

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. महाराष्ट्राचा प्रयोग देशाने उचलला, ही अभिमानाची गोष्ट. त्या कायद्याची आर्थिक रचना मात्र वेगळी होती आणि विचारपूर्वक केलेली होती. अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्राचा. साहित्यावरील खर्चाचा तीन-चतुर्थांश केंद्राचा, एक-चतुर्थांश राज्याचा. आणि मागणीप्रमाणे काम दिले नाही तर बेकारभत्ता राज्याने द्यावयाचा. शंभर रुपयांच्या कामात साठ रुपये मजुरी आणि चाळीस रुपये साहित्य धरले, तर केंद्राचे नव्वद आणि राज्याचे दहा. राज्याने काम दिले तर रुपयाला दहा पैसे खर्च, नाकारले तर भत्त्याचा सारा बोजा स्वतःवर. कष्टकऱ्यांच्या बाजूने रचलेली हिश्शाची अट कशी असावी, याचा हा नमुना होता. तरीही गरीब राज्ये या योजनेचा पैसा त्यांच्या दारिद्र्याच्या प्रमाणात उचलू शकली नाहीत. ग्रामसेवक, अभियंते, हिशेब ठेवणारी माणसे यांची वाण असली म्हणजे नव्वद टक्के अनुदानही पुरत नाही.

महाराष्ट्रात त्याचा एक वेगळाच परिणाम झाला. राज्याने आपला कायदा केंद्रीय कायद्याशी जुळवून घेतला. पहिल्या शंभर दिवसांचा भार केंद्राच्या योजनेवर गेला आणि त्यापुढील दिवसांची जबाबदारी राज्याकडे राहिली. व्यवसायकर मात्र थांबला नाही. ठरावीक पगाराच्या वरच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ही कपात आजही दिसते. ज्या कामासाठी तो कर बसविला त्याचा बहुतेक भार केंद्राने उचलल्यावर राज्याचा तेवढा पैसा मोकळा झाला आणि तो अन्यत्र वळला. अनुदानाने राज्याचा खर्च वाढतोच असे नाही. कधी ते राज्याच्या खर्चाची जागा घेते, हे येथे दिसते. दिल्लीतील अर्थखात्याचे अधिकारी हिश्शाच्या अटीचे समर्थन याच आधारावर करतात, आणि त्यात तथ्यांश आहे हे मान्य करावयास हवे.

परंतु डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी जो नवा कायदा संमत केला, त्याने पारडे पार दुसऱ्या टोकाला नेले. 'विकसित भारत' या नावाने आलेल्या या कायद्यात हमीचे दिवस शंभरावरून १२५ केले आहेत. त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी साठास चाळीस केली आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या कामात राज्याचा हिस्सा दहा रुपयांवरून चाळीस रुपयांवर, चौपट गेला. यापेक्षा गंभीर गोष्ट पुढची आहे. प्रत्येक राज्याला केंद्र दर वर्षी एक रक्कम नेमून देणार आणि तिच्यापलीकडे खर्च झाला तर तो सर्वस्वी राज्याने सोसावयाचा.

या तरतुदीचा अर्थ दुष्काळाच्या वर्षी कळेल. साधारण पावसाच्या वर्षी नेमून दिलेली रक्कम पुरेल, कदाचित उरेलही. पाऊस हुकला म्हणजे कामाची मागणी वाढते. पूर्वी त्या वाढीव मागणीतील प्रत्येक रुपया राज्याला सरासरी दहा पैशांना पडत होता. आता मर्यादेच्या आत तो चाळीस पैशांना पडेल आणि मर्यादा ओलांडली की पुरा एक रुपया. नेमक्या त्याच वर्षी राज्याचा महसूल घटलेला असतो, टँकरचा आणि छावण्यांचा खर्च वाढलेला असतो. अशा स्थितीत कोणता वित्तसचिव तहसीलदाराला कामे उघडण्याचा आदेश देईल? तो तोंडी सूचना देईल की, मागणीचे अर्ज जरा जपून घ्या. कायद्यात हमी १२५ दिवसांची राहील आणि हजेरीपटावर ती पन्नास दिवसांची होईल. यासाठी कोणालाही कायदा मोडावा लागणार नाही. राज्याचाही पैसा गुंतला म्हणजे गळती थांबेल, असा युक्तिवाद या कायद्याच्या समर्थकांनी केला. गळती थांबविण्याचे साधन सामाजिक अंकेक्षण आणि ग्रामसभा हे आहे. हिस्सा चौपट केल्याने काम कमी होते, चोरी कमी होईलच असे नाही.

हिश्शाच्या प्रमाणाची ही सरकती वाट २०१५ पासूनची आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के केला, तेव्हा राज्यांना मोकळा पैसा मिळाला म्हणून सर्वांनी स्वागत केले. लगोलग मुख्यमंत्र्यांच्या एका उपगटाच्या शिफारशीवरून बहुतेक केंद्रपुरस्कृत योजनांत साठास चाळीस हे प्रमाण आले. सर्व शिक्षा अभियानात ते पासष्टास पस्तीस होते. ग्राम सडक योजनेचा तर डिसेंबर २००० पासून सारा खर्च केंद्र करीत होते. एका हाताने मोकळा पैसा दिला आणि दुसऱ्या हाताने त्या मोकळ्या पैशावर बोजा चढविला. शिवाय उपकर आणि अधिभार यांतून केंद्राला मिळणारी रक्कम राज्यांशी वाटून घ्यावी लागत नाही. त्या रकमेतून पुन्हा योजना निघतात आणि त्यांचा हिस्सा राज्यांकडे मागितला जातो.

अटी घालूच नयेत, असे मात्र म्हणता येणार नाही. देवी आणि पोलिओ यांच्या निर्मूलनाचे काम राज्याराज्यांच्या मर्जीवर सोडले असते तर रोगाने सीमा पाळली नसती. ज्या राज्यांच्या सत्ताधारी वर्गाला दलित-आदिवासींच्या मुलांची शाळा महत्त्वाची वाटत नव्हती, तेथे केंद्राच्या अटीमुळेच शाळा गेली. राज्यांचा मोकळा पैसा आपोआप गरिबाच्या हाती जातो, या भ्रमात कोणी राहू नये. महाराष्ट्रात तो साखर कारखान्यांच्या थकहमीतही गेला आहे. प्रश्न अटीच्या प्रकाराचा आहे. सर्व मुलांना लस टोचली पाहिजे ही एक अट. लसीकरणाच्या खोलीवर अमुक नाव लिहिले पाहिजे ही दुसरी. तामिळनाडूने केंद्राच्या आदर्श शाळांच्या योजनेचा करार स्वीकारला नाही म्हणून समग्र शिक्षेचे २०२४-२५ सालचे सुमारे २,१५० कोटी रुपये अडले आणि त्या राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. पश्चिम बंगालचा रोजगार हमीचा पैसा गैरव्यवहाराच्या कारणावरून मार्च २०२२ मध्ये थांबला. गैरव्यवहार झाला असेल तर दोषींना तुरुंगात धाडावे. तीन वर्षे शिक्षा झाली ती मजुरांना. थकलेली मजुरी २०२४ साली राज्याला आपल्या तिजोरीतून द्यावी लागली आणि कामे पुन्हा सुरू करण्याचा आदेश जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाकडून यावा लागला.

मग राज्यांनी महाराष्ट्राच्या १९७० च्या दशकातील मार्गाने जावे, स्वतःचा कर बसवून स्वतःची हमी द्यावी, असे कोणी म्हणेल. तो मार्ग आता अरुंद झाला आहे. विक्रीकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला. त्याच्यावर आपल्या मर्जीने अधिभार बसविण्याची राज्याची मुभा संपली. व्यवसायकराची कमाल मर्यादा संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्येच आहे. ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. त्या वर्षीच्या प्राध्यापकाचा पगार आणि आजच्या प्राध्यापकाचा पगार यांची तुलना केली तर हा कर किती आकसला हे दिसेल. महिना पाच लाख मिळविणारा अधिकारी आणि महिना पंधरा हजार मिळविणारा सुरक्षारक्षक एकच रक्कम भरतात. ही मर्यादा उठविण्याची किंवा उत्पन्नाबरोबर वाढविण्याची मागणी राज्यांनी एकत्रितपणे केली पाहिजे. दुष्काळी वर्षात नेमून दिलेल्या रकमेची मर्यादा आपोआप शिथिल व्हावी, ही दुसरी. आणि हिश्शाचे प्रमाण राज्याच्या दरडोई उत्पन्नानुसार ठरावे, ही तिसरी. या तिन्हींसाठी क्रांतीची गरज नाही; पहिलीसाठी संसदेत घटनादुरुस्तीचे विशेष बहुमत लागेल, उरलेल्या दोहोंसाठी साधे बहुमत पुरेल.

एक गोष्ट मुंबईतील राज्यकर्त्यांनाही ऐकविली पाहिजे. दिल्लीच्या अटींबद्दल तक्रार करणारे राज्य आपल्या जिल्हा परिषदांशी कसे वागते? १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या तेव्हा सत्ता खाली नेण्याचा तो धाडसी प्रयोग मानला गेला. डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली होती. तिच्याशी या प्रयोगाचे नाते सांगितले जाई. पुढे एकेक खाते आणि एकेक अधिकार मंत्रालयात परत गेला. आज जिल्हा परिषदेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग सरकारी अनुदानाचा असतो आणि त्यातील बहुतेक पैशाचे लेखाशीर्ष वरून ठरून येते. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना थेट मिळणाऱ्या पैशाचीही तीच गत आहे: पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांना बांधून टाकली. ज्या गावाची नळयोजना धड चालली आहे आणि शाळेचे छप्पर गळते आहे, त्या गावाच्या सरपंचाने या काळात काय करावयाचे, याचे उत्तर तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यापाशी नव्हते आणि मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्यापाशीही नव्हते.